कोपऱ्यातलं पोतं

बावड्याच्या यात्रेत कबड्डीचे सामने ज्या मैदानावर होतात, तिथे मातीवर आखलेली फक्कीची रेषा पहिल्या काही चढायांतच पुसट होते. पाय घासून पांढरं मातकट होतं, मातकट विरून जातं आणि मग रेषा जमिनीवर न राहता माणसांच्या सांगण्यात उरते. पंच बाहेरगावचा असतो. चढाई करणाऱ्याचा हात, पाय आणि श्वास यांवर एकाच वेळी त्याची नजर ठरू शकत नाही. म्हणून गावाने एक रिवाज पाळला आहे. मैदानाच्या एका कोपऱ्यात, रेषेला लागून, गोणपाटाचं पोतं अंथरायचं आणि त्यावर यजमान गावचाच एक माणूस बसवायचा. पाय बाहेर गेल्याची शंका आली की पंच या माणसाकडे पाहतो. त्याने बोट वर केलं तर खेळाडू बाद, तळहात मातीला टेकवला तर आत. पुढे कुणी बोलायचं नाही. पाहुण्यांचा माणूस का नको, आपलाच का, असं नवख्याने विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे: घरी आलेल्यावर अन्याय झाला तर नाव यजमानाचं जातं, तेव्हा राखणही त्यानेच करावी.

त्या पोत्यावर दस्तगीर आतार बसत असत.

दस्तगीरभाईंचा धंदा आडनावाला धरूनच होता. कुंकू, हळद, बुक्का, उदबत्ती, सुरमा, अत्तराच्या बोटाएवढ्या कुप्या. बावडा, इंदापूर आणि बारामती या तिन्ही बाजारांत त्यांची पथारी लागे. यात्रेत मैदानाच्या तोंडाशी त्यांची पत्नी शमशाद दुकान सांभाळी आणि ते स्वतः पोत्यावर असत. जिंकणाऱ्यांवर उधळला जाणारा गुलालही याच दुकानातला. गावाच्या संघासाठी गुलालाची एक पिशवी ते दरवर्षी वेगळी काढून ठेवत. ती विकायची नाही, असं शमशादला बजावलेलं असे.

तरुणपणी ते गावच्या संघाचे सर्वांत तोंडाळ पाठीराखे होते, असं त्यांच्या वयाचे लोक सांगतात. शेजारच्या वरकुटे गावच्या एका खेळाडूला त्यांनी एकदा आईवरून शिवी घातली होती आणि ती मैदानभर ऐकू गेली होती. त्याच संध्याकाळी मशिदीत नमाजाला उभे राहिले, तेव्हा तोंडी कुराणातली आयत येईना, शिवीच येई. या प्रसंगाबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदा मात्र म्हणाले होते, “जीभ एकच हाय. दुपारी तिनं काय खाल्लं, ते संध्याकाळी लपत न्हाय.” तेव्हापासून त्यांना स्वतःच्या प्रेमाचाच संशय येऊ लागला. संघावरचं प्रेम आटलं नव्हतं, उलट वाढलंच होतं. पण ज्या प्रेमासाठी माणूस दुसऱ्याच्या आईला मध्ये ओढतो, त्या प्रेमावर पाळत ठेवली पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. ते सामन्यात ओरडेनासे झाले. गावच्या विजयासाठी अल्लाकडे मागणं मागायचंही त्यांनी सोडलं, कारण पलीकडच्या गावातही कुणीतरी तेच मागत असणार. ओठ मात्र हलत राहिले. पुढे पोत्यावर बसूनही ते काय पुटपुटतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि पुष्कळ वर्षं कुणी विचारलंही नाही.

पोत्यावर आधी विजयसिंह आबा बसत. गुडघे गेले तेव्हा त्यांनी आपली जागा स्वतःहून दस्तगीरभाईंना दिली. काहींनी भुवया उंचावल्या. आबा म्हणाले, “वरडनारी कितीबी मिळत्याल. ह्यो गप बसाय शिकलाय.” आबांचा शब्द होता, विषय मिटला. पुढे आबा गेले. शब्द राहिला, पण त्याच्यामागचा माणूस नव्हता.

त्या वर्षीचा शेवटचा सामना वरकुट्याशी होता आणि बरोबरीत आला होता. अखेरची चढाई बावड्याच्या अविराजची. पोरगा वाऱ्यासारखा. कोपऱ्यात शिरून त्याने समोरच्याला हात लावला आणि माघारी आला. बावड्याने जल्लोष केला. वरकुट्याचा खेळाडू मात्र रेषेकडे हात दाखवून ओरडत होता: हात लागायच्या आधीच ह्याचा पाय बाहेर पडला. पंचाने पोत्याकडे पाहिलं.

दस्तगीरभाईंनी बोट वर केलं.

अविराज बाद झाला आणि बावडा एका गुणाने हरला. मैदानात जी शांतता पसरली, तिच्यात वरकुट्याच्या पोरांच्या आरोळ्या फार मोठ्या वाटल्या. ती पोरं धावत दुकानाकडे गेली. शमशाद गर्दीने गोंधळली होती. कुणीतरी राखून ठेवलेली पिशवी उचलली, आणि तिने अडवायच्या आत बावड्याचा गुलाल वरकुट्याच्या डोक्यावर पडला.

दस्तगीरभाईंची मुलगी रेहाना वरकुट्यात दिलेली आहे, ही गोष्ट गावाला त्या संध्याकाळी एकदम आठवली.

संशय एका दिवसात तयार होत नाही. तो जुळवला जातो. मुलगी वरकुट्यात, हे एक. गुलाल आधीच बांधून ठेवलेला, हे दुसरं. आणि ओठ हलत होते, हे तिसरं, जे इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सुटी सुटी धरली तर या तिन्हींत काहीच नव्हतं. एकत्र बांधल्यावर मात्र त्यांची गाठ सुटेना. कबड्डी मंडळाचा अध्यक्ष दिग्विजय याच्याकडे मोबाइलवर त्या चढाईचं चित्रण होतं. ते चहाच्या टपरीवर पुन्हा पुन्हा पाहिलं गेलं. ऐन क्षणी दुसऱ्या खेळाडूची पोटरी अविराजच्या पावलाच्या आड येत होती. चित्रणातून काहीच सिद्ध होत नव्हतं, म्हणूनच ते सगळ्यांना पुरावा वाटत होतं.

“बघा, आतच हाय.”

“आरं, पायच दिसत न्हाय, आत कसला?”

“पाय दिसत न्हाय, पर चाचाला कसा दिसला मग?”

“त्येंच्या मनात काय असतंय कुणाला म्हाईत,” कुणीतरी म्हणालं.

हे वाक्य दस्तगीरभाईंच्या कानावर आलं; ते त्यांना नवं नव्हतं. टीव्हीवर क्रिकेटचा विशिष्ट सामना लागला की टपरीवरची काही तोंडं पडद्याकडून हळूच त्यांच्याकडे वळत; गडी बाद झाल्यावर हा टाळी वाजवतो की नाही, आणि वाजवली तर किती लवकर, हे बघायला. ते मनापासून वाजवत. तरीही वाजवताना आपल्याकडे पाहिलं जातंय हे कळे, आणि टाळीत एक खोटा सूर मिसळे. कबड्डीच्या कोपऱ्यात मात्र हा हिशेब आपल्याला लागू नाही, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. ते पोतं म्हणजे त्यांना गावाने न विचारता दिलेला विश्वास होता. तो जाणार की राहणार, एवढाच प्रश्न आता त्यांच्यापुढे होता, आणि तो साधा नव्हता.

बाजारात सारजाकाकू कुंकवाची पुडी घेताना म्हणाल्या, “चाचा, कुंकू तरी आमच्याच बाजूचं हाय न्हवं?”

“लावून बघा काकू. वरकुट्याचं असंल तर लागायचंच न्हाय.”

काकू हसल्या. बाजूच्या बायाही हसल्या. पण पुडी घेऊन जाताना काकूंनी ती उघडून वास घेतला. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

घरात बोलणं दखनीत चाले. शमशाद भाकरी थापता थापता म्हणाली, “उंगली नीचे रखते तो क्या बिगडता था?” नवऱ्याने ताट पुढे ओढलं. मग तिनेच विचारलं, “सच में बाहर था?” दस्तगीरभाईंनी होकाराची मान हलवली. तिनेही विचारलं, ही गोष्ट त्यांना लागली.

काही दिवसांनी दिग्विजय घरी आला. ओसरीवर बसला, चहा घेतला आणि नीट, गोडीने बोलला.

“चाचा, पोरं तापल्याती. बैठकीत एवढंच म्हना, नीट दिसलं न्हाय. चूक कुणाची हुत न्हाय? पोतं तुमचंच. मी हाय की.”

“आन् दिसलं आसंल तर?”

“दिसलं आसंल तरी. आता त्या सामन्याचं काय हुनार हाय? निकाल तर बदलत न्हाय.”

हेच तर अवघड होतं. खरं सांगून कुणाला काही मिळणार नव्हतं आणि खोटं सांगून कुणाचं काही जाणार नव्हतं. जाणारी गोष्ट एकच होती, साक्षीचा सरळपणा, आणि ती फक्त दस्तगीरभाईंना दिसत होती.

बारामतीच्या बाजारादिवशी ते दुपारच्या नमाजानंतर तिथल्या मशिदीतल्या, कुराण पाठ असलेल्या हाफिजसाहेबांपाशी थांबले. वयोवृद्ध माणूस, खेळातलं काही कळत नव्हतं, आणि कळत नसल्याचं लपवतही नव्हता. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, “बोट वर करायच्या आधी लेक मनात आली, का नंतर?”

“नंतर.”

“नक्की?”

दस्तगीरभाईंना नक्की वाटत होतं. पण विचारलं गेल्यावर त्या नक्कीपणाला चीर गेली. लेक आठवल्यामुळे बोट वर गेलं नसेल. पण लेक आठवूनही आपण न्यायी आहोत हे जगाला दिसावं म्हणून तर गेलं नसेल? स्वतःच्या माणसांविरुद्ध साक्ष देण्यातही एक मिरवणं असतं.

हाफिजसाहेब म्हणाले, “आपल्या माणसांच्या विरोधात जावी लागली तरी साक्ष सरळ द्यायची, असा आपल्याला हुकूम आहे. तुम्ही दिलीत. आता तिच्यावर बसून तिची अंडी उबवू नका.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि ध्यानात ठेवा, एकाच्या डोळ्यावर सगळा भार टाकायला आपल्यात सांगितलेलं नाही. साक्षीला दोघे लागतात. एकटा माणूस आपल्याच डोळ्याचा गुलाम होतो.”

हे दुसरं वाक्य त्या दिवशी दस्तगीरभाईंना उपदेशासारखं वाटलं आणि त्यांनी ते बाजूला ठेवलं.

बैठक मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. दिग्विजयने विषय काढून दिला आणि दस्तगीरभाईंकडे आशेने पाहिलं.

ते उभे राहिले. “माजी चूक झाली आसंल का? व्हय, हू शकती. मी मानूस हाय. पर मी पाय भाईर बघितला. न्हाय बघितला, आसं मला म्हनता येत न्हाय.”

“म्हंजी आमचा अव्या खोटा?” मागून कुणीतरी ओरडलं.

“त्येनं काय सांगितलंय आजून?”

सगळे अविराजकडे वळले. तो भिंतीला टेकून उभा होता. पाऊल रेषेच्या बाहेर पडलं होतं की नाही, हे त्या शेडमध्ये दस्तगीरभाईंखेरीज आणखी कुणाला ठाऊक असेल, तर त्यालाच. दिग्विजय म्हणाला, “बोल की रं.”

“मला कळलं न्हाय,” अविराज म्हणाला. “पळण्यात कुठं कळतंय.”

त्याने दस्तगीरभाईंकडे पाहिलं नाही. दस्तगीरभाईंनीही त्याला दुसऱ्यांदा विचारलं नाही. पोतं दिग्विजयच्या चुलत्यांकडे गेलं.

पुढल्या यात्रेत ते प्रथमच मैदानाभोवती बांधलेल्या दाव्याच्या मागे, गर्दीत उभे राहिले. आधी संकोच वाटला, हातांचं काय करावं कळेना. सामना बारामतीकडच्या एका संघाशी होता, चुरशीचा. पहिल्या काही चढायांत ते नेहमीसारखे गप्प होते. मग बावड्याने एक देखणी पकड केली आणि त्यांच्या तोंडून आरोळी गेली. शेजारचे दचकून बघू लागले. त्यांचं त्यांनाही आश्चर्य वाटलं, पण थांबता येईना. इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडत होतं. बावड्याच्या प्रत्येक चढाईला ते टाचा उंचावत, हवेत मुठी आवळत. शिवी तेवढी दिली नाही; तिच्या अगदी कडेपर्यंत मात्र जाऊन आले.

आणि मग अविराज चढाईला गेला. तोच कोपरा, तसंच कलतं धावणं. हात लागला, तो परतला, आणि पाहुण्यांनी रेषेकडे बोटं दाखवली. पंचाने पोत्याकडे पाहिलं. दिग्विजयच्या चुलत्यांनी क्षणही न दवडता तळहात मातीला टेकवला.

“आत! आत हाय!” दस्तगीरभाई घसा फोडून ओरडत होते. “डोळ्यानं बघितलाय मी! आत!”

पंचाने गुण दिला. बावड्याचे खेळाडू अविराजच्या पाठीवर थापा मारू लागले. तो मात्र मध्यरेषेपाशी कंबरेवर हात ठेवून दम घेत उभा होता. मग त्याने उजवा हात वर केला, आपण बाद आहोत हे खेळाडूने कबूल करताना करायचा तसा, आणि कुणाशी न बोलता मैदानाबाहेर जाऊन बसला.

त्यानंतरच्या क्षणी गर्दीने जे केलं, ते या सगळ्या हकिकतीचा गाभा म्हणता येईल. लोकांनी अविराजकडे पाहिलं, आणि लगेच माना वळवून दस्तगीरभाई कुठे उभे आहेत ते पाहिलं. ह्यानेच खूण केली असणार, असं त्यांच्या मनात आलं. पण खूण करणारा माणूस तोंड उघडं टाकून, एक मूठ हवेत तशीच धरून उभा होता, आणि त्याची ‘आत’ अशी आरोळी आजूबाजूच्यांच्या कानांत अजून ताजी होती.

“चाचा, तुमी तर आत म्हनत व्हता,” शेजारचा म्हणाला.

दस्तगीरभाईंनी मूठ खाली घेतली. ते खोटं बोलले नव्हते. त्यांना पाऊल आतच दिसलं होतं, स्वच्छ, आत्ताच, स्वतःच्या डोळ्यांनी. शिवीच्या संध्याकाळी त्यांना जिभेची भीती वाटली होती. आता कळलं की प्रेम जिभेवर यायच्या आधी डोळ्यात शिरतं.

सामना बावड्याने जिंकला. गुलाल या खेपेला योग्य डोक्यांवर पडला. दिग्विजय, केसांपासून छातीपर्यंत लाल, दुकानापाशी आला.

“चाचा, पोरं म्हनत्याती, मानूस आपलाच हाय. वरडला कसा! आमीच उगाच गैरसमज केला. पुढल्या सालापास्नं पोतं तुमचं.”

गेल्या वर्षी खरं सांगितलं म्हणून जागा गेली होती. यंदा चुकीचं ओरडलं म्हणून ती परत मिळत होती. शमशाद तराजू पुसत होती. तिचा हात थांबला.

“अव्याला काय म्हनला?” दस्तगीरभाईंनी विचारलं.

“त्येला काय म्हनायचं? जिकलो न्हवं. जाऊ द्या.”

“मी बसतो. पर एकला न्हाय.”

“म्हंजी?”

“शेजारी दुसरं पोतं टाका. त्येच्यावर पाहुन्याचा मानूस. दोगांचं जुळलं तर बोट, न्हाय तर पंच बघून घील. आमच्यात साक्षीला दोगं लागत्याती.”

दिग्विजयचे डोळे बारीक झाले. “तुमच्यात म्हंजी? ह्ये काय नवीन काढलं? गावाची रीत हाय, आपलाच मानूस बसतोय. पाहुना कशाला? तुमाला गावावर भरवसा न्हाय व्हय?”

“गावावर हाय. माज्यावर न्हाय. मगाशी ऐकलं न्हवं का, मी काय वरडत व्हतो ते?”

या मागणीत काहीतरी डाव आहे असं दिग्विजयला वाटत होतं. तो कुठला, हे सापडत नव्हतं. मंडळात यावर पुष्कळ वाद झाला. कुणी म्हणालं, वरकुट्याचं माणूस बसवायची ही युक्ती आहे. कुणी म्हणालं, उद्या म्हणतील मैदानही यांच्या पद्धतीने आखा. अविराजने, जो बैठकीत कधी बोलत नसे, भिंतीपाशी उभ्या उभ्या एवढंच सांगितलं, “दोन पोती टाकली तर बिगडतंय काय? मला तर बरं पडंल.” का बरं पडेल, हे त्याने सांगितलं नाही. गेल्या वर्षीच्या पावलाबद्दलही त्याने कधी काही सांगितलं नाही.

पुढल्या सालच्या यात्रेत कोपऱ्यात दोन पोती होती. वरकुट्याहून गेणबा नावाचे म्हातारे आले होते. पागोटं, जाड भिंगांचा चष्मा आणि सावध चेहरा. दोघांनी एकमेकांना रामराम केला, मातीला हात लावला आणि बसले. सामना सुरू झाला तरी गेणबांचं एक लक्ष रेषेवर आणि एक शेजारच्या माणसावर होतं. थोड्या वेळाने त्यांना राहवलं नाही.

“आतारभाई, मगाधरनं तोंडातल्या तोंडात काय चाललंय? कुणासाठी मागताय?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच समोरासमोर आला होता.

“डोळा सरळ ऱ्हाऊ दे, म्हनतो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

गेणबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. विश्वास बसला की नाही, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. बावड्याचा खेळाडू चढाईला निघाला होता.

“मग माजाबी घ्या त्येच्यात,” ते म्हणाले आणि चष्मा पुसून रेषेकडे वळले.